पहिल्या मजल्यावरचा हॉल क्लासला देण्याआधी: सोसायटीच्या कमिटीला आणि सगळ्या पालकांना खुलं पत्र

चेअरमन साहेब, सेक्रेटरी मॅडम, कमिटीतले बाकीचे सगळे आणि आपल्या तिन्ही विंगमधले आई-बाबा, सगळ्यांना नमस्कार.

बुधवारी नोटीस बोर्डावर जे सर्क्युलर लागलं ते मी दोनदा वाचलं. पहिल्या मजल्यावरचा हॉल एका क्लासला भाड्याने द्यायचा, महिना ४५ हजार, सहावी ते दहावीची फाउंडेशन बॅच (म्हणजे आतापासूनच आयआयटीची तयारी), मेंबरांच्या मुलांना फीमध्ये सूट, हॉलला रंग आणि बोर्ड क्लासवाले स्वतःच्या खर्चाने करणार, आणि रविवारी जनरल बॉडीत मंजुरी. मीटिंगमध्ये प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात माझं म्हणणं बसणार नाही म्हणून लिहून देतोय. लांब होईल, पण पूर्ण वाचा एवढी विनंती.

आधी पैशाचं बोलतो, कारण ती अडचण खरी आहे. बी विंगची लिफ्ट बदलायची आहे, सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशात, तेवढी रक्कम नाही, आणि मेंटेनन्स वाढवला की कुणाला किती जड जातं ते मला माहितीय, मीही हप्तेच भरतो. त्यामुळे कमिटीने पैशाच्या मोहाने हे केलं असं मी म्हणत नाहीये. तुम्ही लोक ऑफिस सांभाळून हे काम करता, फुकट करता, त्याची जाण आहे.

मला टोचलं ते सर्क्युलरमधलं शेवटचं वाक्य, "मुलांचं भविष्य लहानपणीच घडवा". त्यावर लिफ्टजवळ जी चर्चा झाली त्यात ए विंगमधले एक काका म्हणाले, मुलं म्हणजे मातीचा गोळा, आकार आपणच द्यायचा. आणि सी विंगमधल्या एक ताई म्हणाल्या की काही नाही हो, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, जे व्हायचं ते होणारच, आपण मध्ये पडायचंच नाही. दोघंही मनापासून बोलत होते. घरी आल्यावर मला झोप लागेना, कारण या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत माझं अख्खं आयुष्य गेलंय.

मी ठाण्याचा. किसननगरच्या चाळीत वाढलो. आमचे अण्णा पाटण तालुक्यातून ठाण्याला आले आणि वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात टर्नर म्हणून लागले, धातू फिरवत कापणाऱ्या लेथ मशीनवर तीस वर्षं. अण्णांचा घरात एकच नियम होता, पोरगं मशीनजवळ दिसता कामा नये. हाताला तेल लागलेलं दिसलं तर मार मिळेल असं सांगून ठेवलेलं, आणि एकदा मिळालाही. का, ते मला फार उशिरा कळलं. त्यांच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या माणसाची तीन बोटं त्यांच्या समोर पॉवर प्रेसमध्ये गेली होती, अण्णांनीच ती रुमालात गुंडाळून रिक्षात धरली होती. नंतर वागळेतल्या एकेक कंपन्या बंद पडायला लागल्या तेव्हा त्यांचीही बंद पडली, पगार अडकला, आईने घरी पापड लाटून दिवस काढले. मग त्यांना वाटणारच ना की माझा मुलगा खुर्चीवर बसला पाहिजे, पंख्याखाली, पांढरा शर्ट घालून. ही त्यांची इच्छा होती आणि ती त्यांच्या भीतीतून आली होती. आपणसुद्धा मुलांसाठी जे ठरवतो ते आपल्याला कुणी शिकवलं, कुठल्या वर्षी, काय बघितल्यावर, हे एकदा आठवून बघा.

तर तोंडाने अण्णा म्हणायचे मशीनपासून लांब राहा, पण घरात दिसायचं काय? तर हा माणूस सुट्टीच्या दिवशी चाळीतल्या प्रत्येकाची कडी, स्टो, मिक्सर, शिलाई मशीन दुरुस्त करत बसलाय. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, कपाटात मलमलच्या कपड्यात तेल लावून ठेवलेला, देवासारखा. शर्टाला कटिंग ऑइलचा वास, जो आईने कितीही धुतलं तरी जायचा नाही. शनिवारी डबा पोचवायला मी जायचो तेव्हा गेटच्या जाळीतून बघायचो, कापलेल्या लोखंडाची निळसर चिप गुंडाळत गुंडाळत खाली पडतेय, मशीन थंड ठेवणारं कूलंटचं दुधासारखं पाणी वाहतंय आणि अण्णा नखाने कड चाचपून बघतायत. मला आजही ते नख आठवतं. म्हणजे त्यांनी जे शिकवायचं नाही असं ठरवलं होतं तेच मी सगळ्यात चांगलं शिकलो आणि जे रोज बजावून सांगितलं ते डोक्यावरून गेलं. संस्कार म्हणून आपण जे बोलतो ते मुलं फार ऐकत नाहीत, घरात आपण स्वतः कशात रमतो ते मात्र त्यांना बरोबर दिसतं.

आता कुणी म्हणेल खाण तशी माती, बापाचं रक्त. मलाही तसंच वाटायचं. पण मग माझा धाकटा भाऊ? तोच बाप, तीच दहा बाय बाराची खोली, तोच कटिंग ऑइलचा वास, माझ्याहून फक्त दोन वर्षं लहान. त्याने आयुष्यात स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नाही. चाळीतल्या एक बाई एकदा त्याला गडकरी रंगायतनला बालनाट्याला घेऊन गेल्या, त्यांचा स्वतःचा मुलगा आजारी होता म्हणून तिकीट वाया जाऊ नये एवढंच कारण. तो परत आला तो नाटकातल्या राजाबद्दल बोलेचना, राजा रडताना उजेड निळा कसा झाला हेच विचारत बसला. आज तो नाटकांची प्रकाशयोजना करतो. आमच्या सात पिढ्यांत कुणी नाटकात नव्हतं. त्या दिवशी शेजारचा मुलगा तापाने आजारी पडला नसता तर काय झालं असतं याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्याच नाटकाला चाळीतली आणखी दोन मुलं होती आणि त्यांनी उजेडाकडे बघितलंसुद्धा नाही, हेही लक्षात घ्या.

माझी मेहुणी सायकॉलॉजी शिकवते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली भावजी, हे जगभर मोजून झालंय. २०१५ साली नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मागच्या पन्नासेक वर्षांत जुळ्या भावंडांवर झालेले जवळपास सगळे अभ्यास एकत्र केले, १ कोटी ४५ लाख जोड्या, १७ हजारांच्या वर वेगवेगळ्या गोष्टी, उंचीपासून स्वभावापर्यंत. सगळ्याची सरासरी काढली तर माणसामाणसातल्या फरकांमधला ४९ टक्के फरक जन्मजात गोष्टींमुळे आणि उरलेला बाकीच्या गोष्टींमुळे. मी लगेच म्हणालो, म्हणजे निम्मा मी अण्णांचा आणि निम्मा चाळीचा. ती म्हणाली अजिबात नाही, हा हिशोब एका माणसाच्या आतला नाहीच, हजार माणसं एकमेकांपेक्षा वेगळी का निघतात त्याचा आहे, एका माणसात हे दोन भाग साखर आणि दूध वेगळं काढावं तसे वेगळे निघत नाहीत. आणि दुसरी गोष्ट तिने सांगितली ती मला जास्त महत्त्वाची वाटली, की स्वभावाच्या बाबतीत एका घरात वाढल्यामुळे भावंडं एकमेकांसारखी होतात असं फार कमी दिसतं. घर एकच असतं पण प्रत्येक मूल त्यातून वेगळंच काहीतरी उचलतं. मला जाळीतून निळी चिप दिसली, भावाला तिथे काहीच दिसलं नाही.

मी धातूत काम करणारा माणूस आहे म्हणून मला हे असं समजतं. साधं माइल्ड स्टील घ्या, लालबुंद तापवा आणि तेलात बुडवा, ते कडक होणार नाही, कारण त्यात कार्बनच कमी. ईएन चोवीससारखं जास्त कार्बनवालं स्टील घ्या, तीच भट्टी, तेच तेल, छान कडक होतं. म्हणजे मटेरियल महत्त्वाचं. पण तेच चांगलं मटेरियल कडक करून टेम्परिंग न करता, म्हणजे पुन्हा थोडं तापवून न घेता, तसंच वापरायला दिलं तर ते ठिसूळ राहतं आणि झटका बसला की काचेसारखं तुटतं, म्हणजे प्रोसेसही तेवढीच महत्त्वाची. आणि माइल्ड स्टीलच कडक करायचं असेल तर केस हार्डनिंग करतात, बाहेरून कार्बन मुरवतात, वरची अर्धा-एक मिलिमीटर साल कडक होते आणि आत मऊच राहतं. गिअरला ते चालतं, हवंच असतं. बरेच वर्षं मला वाटायचं की मुलांचंही असंच आहे, मटेरियल आणि प्रोसेस, दोन गोष्टी ओळखल्या की झालं. मग एक दिवस लक्षात आलं की लोखंडाला इच्छा नसते. भट्टीत जायचं की नाही, शाफ्ट व्हायचं की पाना, हे लोखंड ठरवत नाही. मुलाच्या आत तिसरंच काहीतरी असतं जे सारखं इकडेतिकडे बघत असतं आणि अचानक एका गोष्टीजवळ थांबतं. ते का थांबलं हे त्यालाही सांगता येत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. अण्णांच्या इच्छेप्रमाणे बी.कॉम. केलं, तुर्भ्याला एका ऑफिसात अकाउंट्सला लागलो, नऊ वर्षं केलं. पांढरा शर्ट होता, पंखा काय, एसी होता. काम वाईट नव्हतं आणि लोकही चांगले होते, पण मी जेवणाच्या सुट्टीत रबाळ्याला मित्राच्या वर्कशॉपचे फोटो मागवून बघायचो, नुसते मशीनचे फोटो. ३१ व्या वर्षी संध्याकाळी तिथे जाऊन शिकायला लागलो, ३३ व्या वर्षी नोकरी सोडली. अण्णा माझ्याशी चार महिने बोलले नाहीत. त्यांनी तीस वर्षं ज्या उभ्या कामात पाय झिजवले त्यातून मला बाहेर काढलं होतं आणि मी पुन्हा आपणहून तिथेच गेलो, त्यांना तो स्वतःचा अपमान वाटला. मग एक दिवस न सांगता वर्कशॉपला आले, स्टुलावर बसले, चहाही घेतला नाही. टेबलावरचा एक जॉब, म्हणजे मी बनवत असलेला तुकडा, उचलला, नखाने कड बघितली आणि म्हणाले, "चॅम्फर मार याला." म्हणजे धारदार कड तिरकी कापून घे. एवढंच. मी मशीन चालू केलं.

ही गोष्ट मी मुलांना ज्यात घालाल ते वाया जातं असं सांगायला लिहिलेली नाही. अकाउंट्सची ती नऊ वर्षं मला आज रोज उपयोगी पडतात, कोटेशन, कॉस्टिंग, जीएसटी सगळं स्वतः करतो आणि माझ्या आजूबाजूचे दोन चांगले कारागीर केवळ हिशोब न जमल्यामुळे बंद झालेले मी बघितलेत. अण्णांनी ढकललं त्यातलंही माझ्यात मुरलंय. अभ्यासाला, मार्कांना माझा विरोध नाही. पण ३३ व्या वर्षी, एक मूल, घराचा हप्ता, अशा वेळी नव्याने सुरुवात करायची किंमत काय असते ते माझ्या बायकोला विचारा. ती किंमत कमी करता आली असती. सोळाव्या वर्षी मला कुणी आठवड्यातून एक दिवस जरी फाइल (कानस) आणि व्हाइसजवळ (जॉब घट्ट धरणाऱ्या शिकंज्याजवळ) उभं राहू दिलं असतं तरी पुरलं असतं.

म्हणूनच चार वर्षांपूर्वी मी तो हॉलमधला टेबल बनवून दिला. बऱ्याच नवीन मेंबरांना माहिती नसेल म्हणून सांगतो, रविवारी सकाळी नऊ ते एक तिथे काय चालतं. एका कोपऱ्यात व्हाइस बसवलेला टेबल, सायकलीचं पंक्चर, जुने पंखे, रेडिओ, मुलं उघडतात आणि कधीकधी जोडतातही. भिंतीजवळ पुस्तकांचं कपाट, सगळी तुमच्याच घरातून आलेली. सी विंगमधले आजोबा तबला घेऊन येतात. एक काकू दर पंधरा दिवसांनी पुरणपोळीपासून पाणीपुरीपर्यंत काहीतरी करायला लावतात, मुलगे जास्त येतात त्याला. शाळेसारखं काही नाही, हजेरी नाही, अर्धी मुलं नुसती कॅरम खेळून जातात. आपल्या वॉचमनचा मुलगाही येतो.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथल्या अकरा मुलांना विचारलं की तुम्हाला काय व्हायचंय. सहा म्हणाले कॉम्प्युटर इंजिनीअर, दोन डॉक्टर, एक यूट्यूबर, वॉचमनचा मुलगा म्हणाला पोलीस, आणि एक मुलगी काहीच बोलली नाही. मी नंतर विचार करत बसलो की हे असंच का. आपण ऐरोलीत राहतो, गॅलरीतून आयटी पार्कच्या काचा दिसतात, आपल्यातले निम्मे लोक तिथेच कामाला जातात. स्टेशनबाहेर होर्डिंग क्लासचं, त्यावर रँकवाल्या मुलांचे फोटो. वॉचमनच्या मुलाच्या जगात वर्दीवाला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे पोलीस. मुलांनी आपल्याला आपणच दाखवलेली यादी परत वाचून दाखवली. मूल जे बघतच नाही ते त्याला हवंसं कसं वाटणार? त्यामुळे सी विंगच्या ताईंना माझं मनापासून सांगणं आहे की "जे आवडेल ते करू दे" हे पुरेसं नाही, कारण आवड आतून उगवते पण तिला बाहेरून काहीतरी दिसावं लागतं, वास यावा लागतो, हाताला लागावं लागतं. आपण मध्ये न पडणं म्हणजे सगळं त्या होर्डिंगवर सोपवणं होतं.

आणि काकांना, मातीच्या गोळ्याबद्दल. तुम्ही ग्रुपवर हंगेरीच्या त्या तीन बहिणींचा फॉरवर्ड टाकला होता, पोल्गार बहिणी. वडील लास्लो पोल्गार, बुडापेस्टचे, त्यांचं मत होतं की जीनियस जन्मत नाहीत, घडवले जातात, आणि ते सिद्ध करायला त्यांनी मुलींना घरीच शिकवलं, बुद्धिबळ शिकवलं. गोष्ट खरी आहे. धाकटी जुडिथ १९९१ साली १५ वर्षं आणि काही महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तो जगातला विक्रम होता, तिने बॉबी फिशरला मागे टाकलं. थोरली सुसानही १९९१ लाच ग्रँडमास्टर झाली आणि १९९६ ला महिलांची जगज्जेती. पण फॉरवर्डमध्ये दोन गोष्टी नव्हत्या. एक, सुसान चार वर्षांची असताना तिला स्वतःलाच घरात बुद्धिबळाचा पट सापडला आणि हे काय आहे म्हणून ती मागे लागली, तिथून सुरुवात झाली. म्हणजे बापाची जिद्द मोठी होतीच, पण ती मुलीच्या बोटाला धरून गेली. दुसरी, मधली सोफिया. तेच घर, तेच वडील, तोच पट. १९८९ साली रोममधल्या एका स्पर्धेत ती अशी खेळली की मोठमोठे ग्रँडमास्टर बघत राहिले. आणि तरीही पुढे ती बहिणींइतकी बुद्धिबळात राहिली नाही, चित्रकलेकडे वळली. जगातला सगळ्यात नियोजनबद्ध बाप होता तो, तरीही तीन मुली तीन वेगळ्या झाल्या. मला हे वाचून वडिलांची हार वाटली नाही, उलट बरं वाटलं की त्या घरात मधलीला दुसरीकडे बघायला जागा होती.

आता माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. माझी मुलगी आठवीत आहे. मला पक्कं वाटत होतं की मी अण्णांसारखा नाही, मी मोकळा बाप आहे. पण टेबल बनवला तेव्हा मनात एकच चित्र होतं, ती फाइल घेऊन उभी आहे आणि मी तिला कड चाचपायला शिकवतोय. ती यायची, दोन-तीन महिने दर रविवारी यायची, मी सांगेन ते घासायची, चौकोन चौकोनासारखा करायची. मी खूश. मग एक दिवस तिची आई म्हणाली, "ती तुमच्यासाठी जाते हो, तिच्यासाठी नाही." मी मुलीला विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "तुम्हाला छान वाटतं म्हणून." मला अण्णांचे ते चार महिने आठवले, की ते उलट्या बाजूने तेच करत होते आणि मी सुलट्या बाजूने. त्यांनी लेथपासून लांब ढकललं, मी लेथकडे ओढत होतो, दोघांनाही समोरच्या मुलाला काय दिसतंय ते बघायचं सुचलं नाही.

तिला काय दिसत होतं ते पुढे कळलं. शाळेची ट्रिप ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेली होती, आपल्यापासून दहा मिनिटांवर, आपल्यातल्या किती जणांनी आत जाऊन बघितलंय माहीत नाही. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. तिथून आल्यापासून ती भरती-ओहोटीच्या वेळा लिहायला लागली. कुणी सांगितलं नाही, शाळेचा प्रोजेक्ट नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हाच फ्लेमिंगो चरायला उतरतात, आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, मग कुठल्या रविवारी सकाळी गेलं तर दिसतील हे ती आधीच काढून ठेवते आणि बरोबर निघतं. जानेवारीत मला घेऊन गेली. गुलाबी थव्यात मधेमधे मळकट राखाडी पक्षी होते, मला वाटलं दुसरी जात असेल. म्हणाली, "बाबा, ती पिल्लं आहेत, पिल्लू राखाडीच असतं, रंग खाण्यातून येतो, शेवाळातून, वर्षं लागतात." मी म्हटलं म्हणजे सगळं खाण्यावरच आहे तर. तिने बाजूला बोट दाखवलं, त्याच चिखलात बगळे चरत होते. "तेही इथेच खातात. ते पांढरेच राहतात."

मी त्यावर काही बोललो नाही. घरी येईपर्यंत दोघंही गप्प होतो.

उद्या तिला दुसरंच काहीतरी आवडेल, शक्य आहे. तेरा वर्षांची आहे ती. पण आत्ता तिचं लक्ष एका गोष्टीवर थांबलंय आणि ते थांबायला तिला रविवारची सकाळ रिकामी मिळाली म्हणून थांबलं. क्लासचं टाइमटेबल मी मागवून बघितलं. सोमवार ते शनिवार संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ आणि रविवारी सकाळी टेस्ट, नऊ ते एक. नेमके तेच चार तास. सहावीतलं मूल, अकरा वर्षांचं. आयआयटीच्या देशभरातल्या सगळ्या जागा मिळून १८ हजारांच्या आसपास आहेत आणि त्यासाठीच्या पहिल्या परीक्षेला, जेईई मेनला, १४ लाखांच्या आसपास मुलं बसतात. ज्यांना खरंच ते हवंय त्यांनी जरूर करावं, माझा भाचा केमिस्ट्रीसाठी वेडा आहे, त्याच्याकडे बघून आनंद होतो. पण उरलेल्या मुलांनी अकराव्या वर्षापासून दुसरं काही बघायचंच नाही का? केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगवाल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच घ्यावं असं लिहिलंय. या सूचना आहेत, कुणी म्हणेल कायदा नाही. मग निदान आपल्याच जागेत आपणच त्याच्या उलट करायला नको.

माझ्या दुसऱ्या एका भाच्याचंही सांगतो. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली होती, चांगला विचार होता. त्याचा कल ललित कला आला. घरात सगळ्यांनी कागद वाचला, कौतुक केलं, फाइलला लावला आणि सायन्सला अॅडमिशन घेतली. मीही त्या खोलीत होतो आणि गप्प बसलो. तो आज नोकरी करतो, ठीक आहे, तक्रार करत नाही. फक्त आता चित्र काढतोस का विचारलं की विषय बदलतो.

तर माझी मागणी साधी आहे. रविवारी हा ठराव मंजूर करू नका. लिफ्टच्या पैशासाठी मी आकडे काढलेत, जनरल बॉडीत कागद घेऊन येतो, टेरेसवर मोबाइल टॉवर नको असेल तर निदान सोलर आणि पार्किंग चार्जेसचा विचार करता येईल, दोन वर्षांत विभागून वर्गणी काढता येईल, माझा वाटा मी पहिल्याच महिन्यात पूर्ण भरतो. अकरावी-बारावीच्या मुलांना संध्याकाळी शांत बसून अभ्यास करायला हॉल हवा असेल तर आठवड्याचे सगळे दिवस द्या, मी स्वतः ट्यूबलाइट बदलून देतो. क्लासला द्यायचाच असं बहुमताने ठरलं तर किमान रविवारची सकाळ त्यांच्या करारातून वगळा. आणि ज्यांना वेळ आहे त्यांनी एखाद्या रविवारी या, स्वतःचं काम घेऊन या. कुणी नर्स आहे, कुणी बेस्टमध्ये ड्रायव्हर आहे, कुणी एपीएमसीच्या घाऊक बाजारात मसाल्याची पारख करतं, एक वहिनी कोर्टात स्टेनो आहेत. मुलांना भाषण नको, तुम्ही जे काम मन लावून करता ते दहा मिनिटं त्यांच्यासमोर करा. त्या अकरा जणांत जी मुलगी काही बोलली नव्हती ती अजून येते, खिडकीजवळ बसते, सगळं बघते. तिला अजून काही दिसायचंय.

शेवटी एक व्यवहाराचं. निर्णय माझ्या विरुद्ध गेला तर टेबल मी घेऊन जाईन, तो बारा एमएमच्या चार बोल्टने फरशीला पक्का आहे, कुणी ओढून काढू नका, फरशी फुटेल, मला फोन करा. पुस्तकांचं कपाट वॉचमनच्या केबिनमध्ये बसतं, मी माप घेतलंय. आणि खिडकीच्या डाव्या बाजूला भिंतीवर पेन्सिलीने आकडे लिहिलेत, ते कुणी पोरांनी केलेली घाण म्हणून पुसू नका. जूनपासूनच्या भरती-ओहोटीच्या वेळा आहेत. रंगवाला येणार असेल तर आदल्या दिवशी सांगा, तिला ते वहीत उतरवून घ्यायला दोन तास लागतील.

तुमचा,
बी विंगमधला एक मेंबर, ऐरोली